चुलतभावाने मानशीची (खाजणाच्या बांधातल्या भरती-ओहोटीच्या दाराची) पावणी, म्हणजे तिथल्या मासेमारीचा लिलाव, घेतलीय आणि भरतीचं खारं पाणी आमच्या भातात येतं. भांडण न करता त्याला कसं पटवू?

ग्रामसभेत माईक हातात घेऊ नका. त्याने पावणीला पैसे मोजलेत, गावासमोर तो मागे हटणार नाही. ‘आधी लेखी तक्रार ठोका’ म्हणणारे प्रत्येक वाड्यावर भेटतात. तक्रार गेली की समोरचा बोलणं सोडतो, आणि मानशीच्या दारात लाकूड अडकवायला रात्र मोकळीच असते. एरवी भरतीच्या दाबाने ते दार आपसूक मिटतं. सुंगटांसाठी (कोळंबीसाठी) ते अडवून धरतात, तिथून खारं आत शिरतं.

पाणी दोघांनी मिळून मोजा. ईसी मीटर (पाण्यातला खारटपणा विद्युतवाहकतेवरून मोजणारा) घ्या, पण २० मिलिसीमेन्सला थांबणारा स्वस्तातला नको; समुद्राचं पाणी ५० च्या आसपास जातं. १२.८८ मिलिसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात तो त्याच्यासमोर तपासा, मग त्याच्याच हातात द्या. वहीत आकडाही त्यालाच लिहू दे. तुम्ही लिहिलेल्या आकड्यावर तो हुज्जत घालेल.

घोळ नमुन्यात होतो. खारं पाणी जड, तळाला राहतं. पावसात वरचं ओंजळभर घेतलंत तर गोडंच निघेल आणि तुमचीच फजिती. बुचाची बाटली तळापर्यंत न्या, तिथे बूच ओढा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून घड्याळ लावून मोजण्यात अर्थ नाही. भरतीचा एक आणि ओहोटीचा एक आकडा घ्या, अमावस्या-पौर्णिमा सोडू नका. मातीच्या संपृक्त अर्काचा (माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याचा) आकडा ३ मिलिसीमेन्सच्या वर गेला की साध्या भाताचं उत्पन्न घटू लागतं. कोरगुट हे खाजणातलं भात जास्त सोसतं, पण रोप कोवळं असताना तेही मार खातं. घरी माती दुप्पट पाण्यात ढवळून मोजलीत तर आकडा कमी येतो, तो या ३ शी ताडू नका.

‘खारं पाणी बंद’ ही मागणीच चुकीची. पावसाने मीठ धुऊन निघायला लागल्यापासून कापणीपर्यंत दार आपसूक मिटेल असं मोकळं ठेवायचं, लाकूड नाही. कापणीनंतर पाणी त्याचं. तारखा त्यालाच सुचवू द्या आणि पुढच्या पावणीच्या अटींत घालून घ्या, नाहीतर नवा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून.

चुलतभाऊ आहे म्हणून घरात काय बोलावं, ते तुमचं तुम्ही बघा.

आणि हो, बांधच फोडला असेल तर यातलं काही करत बसू नका, थेट मामलेदाराकडे जा. भगदाडातून प्रत्येक भरती-ओहोटीला चिखल वाहून जातो आणि ते रुंदावतच राहतं.