ट्रे चिमेच्या खडकात शिंपले कसे? तिथे खोल समुद्र होता का?

समुद्र होता, हे खरं. खोल मात्र नव्हता. इटलीच्या डोलोमाइट्समधले हे तीन सुळके ज्या खडकाचे आहेत, तो बराचसा गुडघाभर पाण्यात साचलाय.

भूशास्त्र शिकताना मीही तुमच्यासारखाच फसलो होतो. या खडकाची जाडी काही भागांत १००० मीटरच्या घरात जाते, मग पाणीही तेवढं असणार ना? पण तळ हळूहळू खचत होता आणि चुनखडीचा गाळ त्याच वेगाने भरत होता. पाणी उथळ ते उथळच राहिलं. जवळच्या पेल्मेत्तो डोंगरावर याच खडकाच्या एका शिळेवर डायनोसॉरची पावलं उमटलेली आहेत, आता बोला! साधारण २२ कोटी वर्षांपूर्वीचा, ट्रायासिकच्या उत्तरार्धातला हा किनारा. कड्यावरचे आडवे पट्टे पाहून सह्याद्रीत भटकणाऱ्याला घरच्यासारखं वाटतं, पण आपले पट्टे लाव्हाचे, हे भरती-ओहोटीच्या चिखलाचे.

त्या चुनखडीतल्या कॅल्शियमच्या बऱ्याच भागाची जागा पुढे मॅग्नेशियमने घेतली आणि डोलोमाइट तयार झाला. चुनखडीवर सौम्य आम्ल टाकलं की ती फसफसते, हा जवळजवळ गप्प बसतो. फ्रेंच भूशास्त्रज्ञ दोलोमिय यांनी १७९१ साली नेमकं हेच नोंदवलं, म्हणून खडकाला त्यांचं नाव. गंमत म्हणजे साध्या तापमानाला डोलोमाइटचा स्फटिक वाढवणं प्रयोगशाळेत दोनशे वर्षं कुणाला नीट जमत नव्हतं. अधूनमधून तो थोडा विरघळू दिला तर वाढ होते, हे २०२३ साली दाखवलं गेलं. भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर असं ओलं-सुकं रोजच चालतं.

पुढे आफ्रिकेच्या बाजूचा भूखंड युरोपला भिडला, आल्प्स उचलले गेले, आणि तो चिखल तिघांतल्या सर्वांत उंच सुळक्याच्या, चिमा ग्रांदेच्या, माथ्यावर २९९९ मीटरवर पोचला. सरळसोट भिंती कशामुळे, तर वरचा डोलोमाइट टणक पण उभ्या भेगांचा, आणि त्याखाली मऊ, चिकणमातीचे थर. खालचं झिजलं की वरची अख्खी फळी सुटते. पायथ्याशी दगडांचे ढीग दिसतात ते त्याचेच.

गेलात तर वाटेवरच्या दगडांत पत्त्यांतल्या बदामासारखे आकार शोधा. तेच तुमचे शिंपले, मेगालोडॉन. त्या नावाच्या शार्कचा इथे काही संबंध नाही.