युद्धाच्या वातावरणात निवडणूक आली तर हॉस्पिटलमधला जखमी जवान मत देऊ शकतो का? तो साहजिकच सरकारच्याच बाजूनं असतो ना?

तुमच्या त्या 'साहजिकच'मुळे लिहायला बसलो.

1999 च्या सप्टेंबरात मी पुण्यात लष्करी हॉस्पिटलच्या वॉर्डात पडून होतो. द्रासजवळ गोळ्याचा स्प्लिंटर मांडीत घुसलेला. कारगिल जुलैत संपलं आणि लगेच महाराष्ट्रात लोकसभा-विधानसभा एकदमच लागल्या. वाजपेयींचं सरकार एप्रिलमध्येच 269 विरुद्ध 270 असं पडलेलं, म्हणजे लढाई झाली ती काळजीवाहू सरकारच्या हुकमावर. यावरून वॉर्डात रोज जुंपायची. एक हवालदार म्हणायचा, नियंत्रण रेषा ओलांडू दिली असती तर मागून रसद तोडली असती, पोरं समोरून चढताना मेली नसती. शेजारचा कॉटवरून उसळायचा, "ओलांडली असती तर सगळं जग आपल्यावर उलटलं असतं. अटलजींनी केलं तेच बरोबर!" तिसऱ्याचं एकच, घुसखोर वर येऊन बंकर बांधेपर्यंत झोपलं होतं कोण? आणि मी खटाव तालुक्यातला. विधानसभेला माझ्या डोक्यात कारगिल नव्हतंच, पाणी होतं.

अशात आमचे दाजी सफरचंदं घेऊन आले. ते एका पक्षाचे कार्यकर्ते. पक्ष कुठला ते सोडा, तेव्हा सगळ्यांनाच कारगिल हवं होतं. म्हणाले, "डॉक्टरांना सांगून एक दिवस सुटी काढ, जीप पाठवतो. कुबड्या घेऊन स्टेजवर नुसतं उभं राहायचं, बोलायचं काही नाही." मी म्हटलं, आर्मी रूल्स 1954, नियम 20. राजकीय सभेला जायचंच नाही, बोलणं तर लांबच. तर म्हणतात, "तू काय ड्युटीवर आहेस होय? पेशंट आहेस!" अहो, पगार चालू आहे म्हणजे कायदाही चालू आहे. शेजारचा हवालदार तोंडावर चादर ओढून हसत होता. त्या वर्षी भाऊबीजेला ताई एकटीच आली.

मताचं म्हणाल तर ते राहिलंच. नाव गावच्या यादीत, पण सेनादलातला मतदार म्हणून, त्यामुळे मतदान टपालानं. मतपत्रिका रेकॉर्ड ऑफिसमार्फत युनिटला जायची. युनिट वर, मी पुण्यात. ती फिरत फिरत माझ्या हातात पडली तोवर विलासराव मुख्यमंत्री झाले होते. 2016 पासून मतपत्रिका ऑनलाइन येते, प्रिंट काढून मत द्यायचं. परत मात्र अजूनही टपालानंच जाते आणि मोजणी सुरू व्हायच्या आत पोचली नाही तर बाद. तुमचं कुणी ॲडमिट असेल तर युनिटला आधीच कळवून ठेवा. आणि त्याचं मत त्याला ठरवू द्या. जखमी झाला म्हणून तो कुणाच्या पक्षाचा होत नाही.

हे एका वॉर्डातलं सांगितलं, सगळ्या फौजेचं नाही. सरकारवर खूश असलेलेही पुष्कळ होते.

2019 ला निवडणूक आयोगानं पक्षांना बजावलं, प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका. ती बातमी मी दाजींना व्हॉट्सॲपवर पाठवली. उत्तर आलं, "फोटो नको म्हटलंय. माणूस नको असं कुठे म्हटलंय?"