मैदान आणि शेतीसाठी महापालिकेने जमीन विकत घ्यावी का? – घ्यावी, आणि रोख मोजून घ्यावी

तुम्ही विचारलंय की ठाण्यात रस्ते आणि पाणी पुरत नसताना उरलेली शेतजमीन मैदानासाठी आणि शेतीसाठी घ्यायला मालमत्ता कराचा पैसा का घालायचा. घालायचा, कारण दुसऱ्या कुठल्याही मार्गाने ती जमीन राहत नाही. आमच्या घरची जमीन आरक्षणात आहे, म्हणजे आराखड्यात सार्वजनिक वापरासाठी राखलेली, ठाण्यातल्या दिव्याच्या खाडीकडच्या अंगाला. त्यामुळे हा विषय मला कागदावरचा वाटत नाही.

नकाशावर आरक्षण टाकलं की मैदान झालं, असं लोक धरून चालतात. ठाण्याचा विकास आराखडा मंजूर झाला १९९९ साली. एमआरटीपीचं, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं, कलम १२७ सांगतं की दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक पालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर पालिकेला पूर्वी सहा महिने मिळायचे, मग वर्ष झालं, २०१५ च्या दुरुस्तीपासून २४ महिने. तेवढ्यात संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. अंदाजपत्रकात भूसंपादनाला पैसे नसले की मैदान कुणी न चोरता जातं. बिल्डर हे कलम तोंडपाठ करून बसलेले असतात.

आमच्या काकांनाही ते कुणीतरी पढवलं होतं. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव लागलं, आणि थोड्याच दिवसांत चुलतभाऊ कागद घेऊन घरी आला. एक कागद नोटिशीचा, दुसरा माझ्या नावाचा हक्कसोड. दादाचं म्हणणं सरळ होतं. पालिकेकडे पैसे नाहीत, नोटीस देऊ, मुदत संपेल, आरक्षण उठेल, मग एका बिल्डरशी बोलणं झालेलंच आहे. तू लग्न होऊन गेलेली, तुला या चिखलात काय करायचंय? आईने चहा ठेवला होता तो तसाच उतू गेला. मी म्हटलं, माझी सही मिळणार नाही, ना या कागदावर, ना त्या. १९९४ पासून महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क आहे, हे मी त्याला सांगितलं आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. त्यानंतर हळदीकुंकवालाही त्या घरून बोलावणं नाही. ‘तुम्ही जमीन कुजवलीत,’ हे त्याचं वाक्य अजून भावकीत फिरतं.

कुजवली म्हणजे काय, ते ऐका. त्या खाचरांत आजही भात होतं. आरक्षण असलं म्हणून कसायला कुणी अडवत नाही. पावसाच्या आधी बांध आणि उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारी झडप, बघायची, नाहीतर उधाणाचं खारं पाणी आत येतं. खारात तग धरणारं बियाणं पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेलं आहे. लावणीला आता माणसं मिळत नाहीत, आई या वयातही बांधावर उभी राहते. दिवाळीच्या सुमारास कापणी झाली, भारे खळ्यावर गेले की पोरं धसकटं साफ करून पीच करतात आणि पावसापर्यंत तिथे टेनिस बॉलची क्रिकेट चालते. चाळीतली, बिल्डिंगमधली, सगळीच पोरं. रात्रीच्या अंडरआर्मच्या स्पर्धा होतात, बाया कठड्यावर बसून बघतात. पुन्हा पाऊस आला की नांगर. तुमच्या प्रश्नात ‘मैदान की शेती’ असा जो सूर आहे, तो आमच्याकडे कधी नव्हताच. आणि मुसळधार पावसात तेच खाचर बांधापर्यंत पाणी धरून ठेवतं, जे नाहीतर खालच्या चाळींत शिरलं असतं.

आता पैसा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते. घोडबंदरसारख्या महागड्या भागात पालिकेला हा आकडा झेपणार नाही, मान्य. म्हणून पालिका टीडीआर देतात, म्हणजे जमीन फुकट आणि मालकाला दुसरीकडे बांधायचा हक्क. मला तो मार्ग पटत नाही. इथलं मैदान वाचवायला तिथे टॉवर उभा करायचा, मग त्या टॉवरमधल्या पोरांना मैदान कुठलं? कोलशेतला २०२४ मध्ये वीस एकरांचं सेंट्रल पार्क झालं, छान आहे, पण तिकीट काढून आत जायचं. तिथे शेत नाही.

घेताना मोबदला मात्र नीट द्या. खाडीपलीकडे १९७० नंतर नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी ९५ गावांची जमीन गेली, मोबदल्यासाठी उरणच्या जासई-नवघर भागात १९८४ मध्ये पाच माणसं गोळीबारात मेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळायचा रस्ता उघडला. आगरी माणसाला ‘पालिका जमीन घेणार’ हे ऐकून धडकी भरते ती त्यामुळे. मालकी पालिकेची, कसणूक त्याच घराकडे, असं लेखी असेल तर कितीतरी लोक पुढे येतील. माझी आई पहिली येईल.

दोन गोष्टी राहिल्या. आरक्षण पैसे देऊन घेतलं तर आमच्या घरालाही पैसे मिळतील, तेव्हा माझं मत त्या हिशेबाने तोला. आणि सामायिक सातबारा असलेल्या जमिनीत वारसांचा वाद निघाला की रक्कम वर्षानुवर्षं कोर्टात पडून राहते. म्हणून आधी वाद नसलेले तुकडे घ्यावेत. कर किती वाढेल हे तुमच्या प्रभागात किती आरक्षणं उरलीत त्यावर आहे. नगररचना विभागात आराखडा बघा, मोजा आणि मग हरकत घ्या किंवा पाठिंबा द्या.

दादा हे वाचेलच, भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकेल. त्याला वाटणी हवी असेल तर मोजणीचा अर्ज करावा, मी हजर राहीन. हक्कसोडाचा कागद परत आणू नये.