ऑइल दुधाळ झालं म्हणून लगेच हेड उतरवू नका

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी मानेवाड्याला राहतो, आमची २० सीटर बोट रामटेकजवळ खिंडसीला चालते. इंजिन म्हणजे ट्रकचं जुनं चार सिलिंडर डिझेल, मरीन किट लावून घेतलेलं. पावसाळाभर बोट बांधूनच होती, दिवाळीनंतर चालू करायला गेलो तर स्टार्टच होईना, अर्धा तास सेल्फ मारून मारून शेवटी झाली. दोन दिवस चालवली आणि तिसऱ्या दिवशी डिपस्टिक काढून पाहतो तर ऑइल म्हणजे दुधाचा चहा, आणि लेव्हल बोटभर वर. कूलंटची टाकी मात्र भरलेलीच आहे, कलरही हिरवाच. मेकॅनिक म्हणते हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवून प्लेनिंग करा, म्हणजे घासून सपाट करा. खर्च ऐकून झोप उडून राहिली. काय करू?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी सेल्फ मारणं बंद करा, एकदासुद्धा नाही. बॅटरीची वायरच काढून ठेवा म्हणजे दुसरं कोणी चावी फिरवणार नाही. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असेल आणि तुम्ही सेल्फ मारला तर पाणी काही हवेसारखं दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग आत्ता जो खर्च ऐकून झोप उडाली तो लहान वाटायला लागेल. आधी सिलिंडरात डिझेल फवारणारे चारही नोझल काढा, मग इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवा, पाणी असेल तर नोझलच्या भोकातून पिचकारी येईल, म्हणून तोंड बाजूला ठेवा. कोणत्या सिलिंडरातून किती आलं ते वहीत लिहून ठेवा, पुढे कामात येते.

आता मुद्द्याचं. एवढं पाणी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते तिथं, आलं म्हणजे कुठून तरी तेवढं कमी झालं पाहिजे ना? तुमच्या इंजिनात दोन पाणी आहेत. एक कूलंट, ते आतल्या आत फिरते, आणि दुसरं तलावाचं, ते पंप ओढतो, हीट एक्स्चेंजरमधून (तिथं ते कूलंटला थंड करते) जाऊन शेवटी सायलेन्सरमध्ये पडते आणि धुरासोबत बाहेर जाते. हेड गॅस्केट गेलं असतं तर कूलंटची टाकी खाली गेली असती, चालू इंजिनात टाकीत बुडबुडे दिसले असते. तुमची टाकी भरलेली, आणि कलरही फिका पडला नाही म्हणजे तलावाचं पाणी आत येऊन टाकी भरून देते असंही नाही. म्हणून मला गॅस्केटवर संशय कमी आणि तलावाच्या पाण्यावर जास्त आहे. समुद्रावर बोटी चालवणाऱ्यांना हे सोपं जाते, ऑइलखाली बसलेल्या पाण्यात मीठ सापडलं की पाणी बाहेरचं, खिंडसीचं पाणी गोडं, तिथं ती परीक्षा चालत नाही, आपल्याला कूलंटच्या लेव्हलवर आणि रंगावरच नजर ठेवावी लागते.

ही सवय मला एका चुकीतून लागली. खूप वर्षांपूर्वी मी असंच दुधाळ ऑइल पाहून एका बोटीचं हेड उतरवलं, गॅस्केट एकदम साबूत निघालं, पाणी येत होतं पंपाच्या सीलमधून. मालकाचा अख्खा सीझन गेला, ते मला आजही खटकते.

ते पाणीच आहे का याची खात्री पण करून घ्या, कारण डिझेल मिसळलं तरी लेव्हल वर जाते, फक्त तेव्हा ऑइल पातळ आणि काळंच राहते, वास डिझेलचा येतो. तवा चांगला गरम करा, साधारण १३० ते १५० डिग्री, त्यावर ऑइलचे एक-दोनच थेंब टाका, चष्मा घालून. पाणी असलं तर फोडणीत मोहरी तडतडते तसं तडतडेल. आणि एक, नुसत्या ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली आणि डिपस्टिक स्वच्छ असली तर घाबरू नका, थंडीच्या सकाळी दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारल्या की इंजिन पुरतं तापत नाही आणि दमट हवेचं पाणी तिथं जमते. तुमची केस ती नाही, तुमची लेव्हल वाढलेली आहे.

माझा पहिला संशय त्या अर्ध्या तासाच्या सेल्फवर आहे. सेल्फ मारताना इंजिन फिरते, तलावाचा पंप फिरते, पाणी सायलेन्सरमध्ये पडत राहते, पण ते बाहेर ढकलायला धूरच नाही. सायलेन्सर भरला की पाणी उलटं एक्झॉस्टमधून जो व्हॉल्व्ह उघडा असेल त्या सिलिंडरात जाते, तिथून पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने झिरपून चेंबरमध्ये. एक्झॉस्टचा बेंड काढा, आत ताजा गंज, ओल दिसली तर हेच झालं समजा. सायलेन्सरमध्ये पाणी सोडणारा पाइप तलावाच्या लेव्हलच्या खाली किंवा जेमतेम वर असेल तर त्याच्या वरच्या वळणावर अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पाइपात हवा घेऊन पाण्याची ओढ तोडणारा) असायला हवा, तो चिखलाने जाम झाला की बोट उभी असतानाही पाणी आपोआप ओढलं जाते. तुमची बोट पावसाळाभर उभी होती, म्हणून तो व्हॉल्व्ह काढून फुंकून पाहाच.

दुसरा संशय पंप. पंप बेल्टवर असेल तर सोडून द्या, तो ऑइलमध्ये पाणी टाकू शकत नाही. गिअरवर, टायमिंग कव्हरला बसवलेला असेल तर त्याच्या दोन सीलच्या मध्ये खाली एक बारीक भोक असते, सील गेलं की पाणी तिथून टपकायला पाहिजे. ते भोक चिखलाने किंवा रंगाने बुजलं असेल तर पाणी सरळ चेंबरमध्ये. तिसरा ऑइल कूलर. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असते म्हणून आधी बोटीमागे पाण्यावर रंगीत तवंग दिसतो, इंजिन बंद झाल्यावर उलटं होऊ शकते. कूलर काढून, एक बाजू बंद करून हवा भरा आणि बादलीत बुडवा, सायकलची ट्यूब पाहतात तसं. आणि बोटीच्या तळाशी पावसाचं पाणी इंजिनापर्यंत चढलं होतं का तेही आठवून पाहा.

हे सगळं स्वच्छ निघालं तरच कूलंट सिस्टीमला टाकीच्या झाकणावर लिहिलेलं प्रेशर देऊन अर्धा तास पाहा, चेंबरचा नट काढून. प्रेशर पडलं आणि खाली हिरवे थेंब आले तर हेड उतरवा, तेव्हा मेकॅनिक बरोबर.

पण शोध घेता घेता ते दुधाळ ऑइल आठवडाभर आत ठेवू नका. बेरिंग, क्रँक सगळ्याला गंज धरतो. आजच काढा, फिल्टर बदला, स्वस्तातलं नवं ऑइल भरा, आणि पाण्याचा रस्ता सापडून बंद झाल्यावर पाच-दहा मिनिटं चालवून परत काढा. दोन-तीन वेळा करावं लागेल, ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत, आणि दर वेळी फिल्टर नवा, कारण जुन्या फिल्टरच्या कागदात पाणी धरून राहते. यापुढे लवकर स्टार्ट होत नसेल तर तलावाच्या पाण्याचा वॉल्व्ह बंद करून सेल्फ मारा आणि इंजिनाने आवाज धरला की लगेच उघडा, उशीर केला तर पंपाचा रबरी इंपेलर कोरडा फिरून जळतो.

प्रश्न : गोसीखुर्दच्या पाण्यात मासेमारी करतो. आउटबोर्ड इंजिनाच्या खालच्या गिअरचं ऑइल पांढरं निघालं. इंजिन गेलं का?
– एक वाचक, पवनी

उत्तर : नाही गेलं. ते ऑइल वेगळं, वरच्या इंजिनाशी त्याचा संबंध नाही. पंखा काढा आणि शाफ्टवर तंगूस गुंडाळला आहे का पाहा, जाळ्यावाल्यांच्या इंजिनात मला बहुतेक वेळा तोच सापडतो, तो सील कापतो. सील बदला, भरायच्या आणि हवेच्या दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे टाका, आणि ऑइल खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत.