अर्जातलं पहिलंच वाक्य लटकतंय

प्रश्न : नोकरीच्या अर्जात मी लिहिलं, 'हॅविंग वर्क्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स, माय एक्सपीरियन्स विल बी यूजफुल टु यू.' कम्प्युटर खाली रेघ मारतो आणि डँगलिंग मॉडिफायर म्हणतो. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, मग अडतंय कुठे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : डँगलिंग मॉडिफायर म्हणजे लटकता तुकडा, ज्याला वाक्यात आपला खरा धनी सापडत नाही. तुमचं अडतंय कॉमाच्या लगेच पुढे. इंग्रजीत असा आयएनजीवाला तुकडा आधी टाकला की तो मुख्य वाक्याच्या कर्त्यालाच जाऊन चिकटतो, तुमच्या मनात कोण होतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. इथे कर्ता आहे एक्सपीरियन्स, म्हणजे पुण्यात पाच वर्षं राबला तुमचा अनुभव आणि तुम्ही आपले घरी! आता तुम्ही म्हणाल 'माय' लिहिलंय की, पण माय फक्त अनुभव कुणाचा ते सांगतो, तो कर्ता होत नाही. कॉमापुढे 'आय' आणा, 'आय कॅन बी यूजफुल टु यू', काम झालं.

आपल्याकडून हे होतं कारण मराठीला हे चालतं. 'रस्त्याने जाताना मला कुत्रा चावला' म्हटलं तर कोण चाललं होतं असं कुणी विचारत नाही, 'मला' एवढ्यावर भागतं. तेच जसंच्या तसं उचलून 'वॉकिंग ऑन द रोड, अ डॉग बिट मी' केलं की चालणारा कुत्रा होतो. तसं इंग्रजही यातून सुटलेले नाहीत, शेक्सपियरच्या हॅम्लेटमधे राजाचं भूत सांगतं की मी बागेत झोपलो असताना मला साप चावला अशी आवई उठवलीय, आणि तिथली रचना अशीच लटकती, व्याकरणाने बघितलं तर झोपलेला साप. पण ते नाटक आहे, तुमचा अर्ज एचआरवाले वाचणार.

ऑफिसच्या मेलमधे तर हे पॅसिव्हमुळे सर्रास होतं. 'आफ्टर चेकिंग द बिल, द पेमेंट वॉज मेड', आता बिल चेक केलं कुणी, पेमेंटने? 'आफ्टर चेकिंग द बिल, वी मेड द पेमेंट' लिहायला काय जातं, पण नाही, आपल्याला पॅसिव्ह भारदस्त वाटतो. स्पर्धा परीक्षांच्या 'चूक शोधा'मधलं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे 'बीइंग अ संडे, द बँक वॉज क्लोज्ड'. बँक काही रविवार नाही. 'इट बीइंग अ संडे' बरोबर आहे पण जरा पुस्तकी, रोजच्या लिहिण्यात 'ॲज इट वॉज अ संडे' बरं.

आणि हे वाचून प्रत्येक आयएनजीवर संशय घेऊ नका हं. कन्सिडरिंग, रिगार्डिंग, जनरली स्पीकिंग ही मंडळी कर्ता न बघता कुठेही बसतात आणि त्यांना कुणी उठवत नाही. 'कन्सिडरिंग हिज एज, द पनिशमेंट वॉज लाइट' हे वाक्य बिनधास्त लिहा.