ताट वेगळं केलंय, मॅडम

घणसोलीतल्या एका शाळेत क्षयरोगाची तपासणी झाली आणि तिसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीची आई माझ्यासमोर येऊन बसली. "मॅडम, तिचं ताट, पेला वेगळं केलंय. पण शाळेत कळलं तर? उद्या लग्नाच्या वेळी कोणी काढलं तर?" पोरगी बारा वर्षांची!

खरं तर अजून काही निघालंच नव्हतं. तीन आठवडे खोकला, वजन उतरलेलं, म्हणून पुढच्या तपासण्या सांगितल्या होत्या, एवढंच. पण अशा पुढच्या तपासण्या सांगितलेल्या मुलांची यादी भर वर्गात मोठ्याने वाचली गेली. मी तिथेच उभी होते, गप्प. आता आम्ही एकेकाला बाजूला घेऊन सांगतो.

ताटाचं मी लगेच सांगून टाकलं. टीबी उष्ट्याने होत नाही, भांड्याकपड्यांनीही नाही. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकला की जंतू हवेत जातात, कोंदट खोलीत जास्तच. मग विचारलं, "घरात आणखी कोण खोकतं?"

"आजोबा. पण तो त्यांचा बिडीचा खोकला, जुनाच आहे."

एका खोलीचं घर. नात आजोबांच्या कॉटशेजारीच अंथरूण टाकायची. मुलांना टीबी बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडूनच लागतो. पण सुनेने सासऱ्यांना बेडका तपासा म्हणून कसं सांगायचं? शेवटी मुलीच्या बाबांना बोलावून घेतलं. त्यांना पटायला दोन बैठका लागल्या.

टीबी दोघांनाही निघाला. मुलीला बेडका पडेना, लहान मुलं तो गिळून टाकतात. म्हणून एक्स-रे काढला आणि सकाळी उपाशीपोटी नळीने पोटातलं पाणी घेतलं. चार वर्षांच्या भावाला तपासलं, आजार नव्हता. त्याला प्रतिबंधक गोळ्या दिल्या.

औषध सहा महिने, रोज, सरकारी दवाखान्यात फुकट. टीबीच्या रुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून आता महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. पहिल्याच आठवड्यात आईचा घाबराघुबरा फोन: "लघवीतून रक्त जातंय!" रक्त नव्हे, रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाचा केशरी रंग. हे आधी सांगायला हवं होतं. काही आठवड्यांनी ताप गेला आणि डॉक्टरांनी शाळेला हिरवा कंदील दिला.

परवा आई भेटली. ताट पुन्हा पंगतीत आलंय. आजोबांची कॉट खिडकीपाशी सरकवलीय. बिडी मात्र अजून सुटलेली नाही.