वाचकांचे प्रश्न: ओलिताची जमीन कागदावरही ओलिताची हवी

प्रश्न: हिंगणा तालुक्यात आमचं पाच एकर वावर आहे. विहीर आहे, खरिपात सोयाबीन-तूर, मग हरभरा. ‘नवीन नागपूर’ आणि बाह्य वळणमार्गाच्या बातम्यांनी घरात धास्ती आहे. दोन पिकांची ओलिताची जमीन सरकारला घेताच येत नाही, हे खरं का?

उत्तर: अर्धंच खरं. 2013च्या भूसंपादन कायद्याचं कलम 10 सांगतं की ओलिताची, एकाहून जास्त पिकांची जमीन अपवादात्मक स्थितीत आणि शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी. घेतलीच तर तेवढी लागवडयोग्य पडीक जमीन विकसित करावी, नाहीतर जमिनीच्या किमतीएवढी रक्कम शेतीत गुंतवणुकीसाठी जमा करावी. पण रेल्वे, महामार्ग, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना हे कलम लागू नाही. शिवाय 2018मध्ये राज्याने दुरुस्ती करून काही प्रकल्पांना यातून सूट देण्याची सोय करून घेतली. आमच्या मते या दुरुस्तीने कलमाचा कणाच मोडला.

म्हणून नोटीस आली की रक्कम बघण्याआधी ती कोणत्या कायद्याखाली आहे ते बघा. 2013च्या कायद्याची कलम 11ची अधिसूचना असेल तर प्रसिद्धीपासून 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. राष्ट्रीय महामार्ग कायदा, 1956 असेल तर मुदत फक्त 21 दिवसांची. तिथे ‘आमचं ओलीत आहे’ एवढ्यावर भागत नाही; रस्त्याने विहीर एकीकडे नि वावर दुसरीकडे पडतं का, पांदण तुटते का, उरलेल्या तुकड्यात बैलगाडी-ट्रॅक्टर कुठून जाईल, हे नकाशावर दाखवून लिहा. आणि थेट खरेदीच्या संमतिपत्रावर सही केली की कलम 10चा मुद्दा तिथेच संपतो, हे घरातल्या सगळ्या खातेदारांना आधी सांगून ठेवा.

आता खरी मेख. जमीन ओलिताची आहे हे अधिकारी आधी कागदावर बघतात, आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं बिनसतं. सातबाऱ्यातला नमुना 12 काढा. पिकाखालचं क्षेत्र ‘अजलसिंचित’ रकान्यात असेल, सिंचनाचं साधन कोरं असेल आणि रब्बीची ओळच नसेल, तर विहिरीला बारमाही पाणी असूनही तुमची जमीन कागदावर एकपिकी कोरडवाहू ठरते. ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरून स्वतःच केलेली पिकाची नोंद, लोक खरिपात करतात, कारण विमा आणि खरेदी केंद्र डोळ्यांपुढे असतं; हरभऱ्याच्या वेळी विसरतात. दोन्ही हंगामांत करा. शेतात उभं राहून ॲपमध्ये खाते क्रमांक, मग गट किंवा खसरा क्रमांक निवडा. हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन (इथे ‘विहीर’ हमखास भरा), पेरणीची तारीख आणि उभ्या पिकाचा फोटो. सोयाबीनमधली तूर मिश्र पीक म्हणून दाखवा. चूक झाली तर 48 तासांत दुरुस्ती करता येते. मुदत हुकली तर तलाठ्याला भेटून पीक पाहणी सहाय्यकामार्फत नोंद करून घ्या.

संत्र्याचा बगीचा असेल तर झाडांची संख्याही लिहा. 6 बाय 6 मीटरच्या लागवडीत हेक्टरी 277 झाडं बसतात. नोंदीत याहून फार जास्त आकडा दिसला की मूल्यांकनाच्या वेळी शंका निघते. वहितीत आणलेला भाग अजून पोटखराब ‘अ’मध्ये, म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून नोंदलेला असेल तर तो लागवडीखाली घेण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्या. पोटखराब ‘ब’, म्हणजे नाला-रस्त्याखालचं क्षेत्र, मात्र यात येत नाही.

प्रश्न: नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेने जमिनीचे वर्ग पाडले आहेत. चांगल्या वर्गाची जमीन आपोआप सुरक्षित असते का?

उत्तर: नाही. अमरावती रोडवरच्या या राष्ट्रीय संस्थेची वर्गवारी शास्त्रीय आहे. एकूण आठ वर्ग, त्यातले पहिले चार पिकांसाठी योग्य. नुसत्या वर्गामुळे कायद्याचं कवच मिळत नाही. पण 2013च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 15खाली जमिनीचं क्षेत्र आणि योग्यता यावर हरकत घेता येते. तिथे मातीची खोली, निचरा आणि उतार यांची माहिती हरकतीला जोडा.

प्रश्न: कळमेश्वर रोडवर शेतातले प्लॉट विकत आहेत. ‘पुढे आरएल (रिलीज लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) मिळेल’ म्हणतात. ती जमीन शेती झोनमध्ये आहे का, हे कसं तपासायचं?

उत्तर: मौजा, पटवारी हलका नंबर आणि खसरा क्रमांक घेऊन महानगर क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. विक्रेत्याने दाखवलेली झेरॉक्स चालणार नाही. एकाच खसऱ्याचे दोन भाग वेगवेगळ्या झोनमध्ये असू शकतात, म्हणून दाखल्यासोबत नकाशाही हवाच.

दाखल्यावर शेती झोन असेल तर पैसे देऊ नका. दीड हजार चौरस फूट म्हणजे जेमतेम 1.38 गुंठा, आणि 2023च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा तुकडेबंदी कायद्याने विकता येत नाही) जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे आहे. तुकडेबंदीतून वाट काढायला मग दहा-बारा जणांच्या नावे सामायिक विक्रीपत्र करतात. सातबाऱ्यावर नावं चढली तरी तुमचा प्लॉट कोणता, हे कुठेच नसतं. मोजणी मागितली की बाकीच्या सगळ्यांची संमती लागते. त्यात तुम्ही शेतकरी नसाल तर विदर्भाच्या 1958च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम 89 आडवं येतं.

‘झोन बदलून घेऊ’ असंही सांगतील. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा तर नगररचना कायद्याच्या कलम 37खाली जाहीर सूचना काढावी लागते आणि एका महिन्यात कोणालाही हरकत घेता येते. अशी सूचना निघाली आहे का, एवढंच विक्रेत्याला विचारा आणि तिची प्रत मागा.